सैबेरियाहून आलेला संशय

फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोली गावात एका पोल्ट्रीत शंभरेक पक्षी मेले. तपासणीत बर्ड फ्लू निघाला. मग आसपासच्या एक किलोमीटर परिसरातल्या सुमारे २५ हजार कोंबड्या नष्ट करण्यात आल्या. मी टिटवाळ्यात राहतो. कसारा लोकल धरली की खडवली, वासिंद, आसनगाव. म्हणजे वेहळोली आमच्यासाठी टीव्हीवरचं गाव नव्हतं. दोन दिवसांत फोनवर फॉरवर्ड फिरायला लागले. नदीकाठी जाऊ नका, परदेशी पक्ष्यांच्या विष्ठेतून रोग आलाय, पोरांना लांब ठेवा. आमच्या काळू नदीच्या दगडांवर हिवाळ्यात शेपटी हलवत फिरणारे धोबी आणि तुतारी पक्षी एका रात्रीत संशयित झाले.

पुढच्याच महिन्यात जगाच्या दुसऱ्या टोकाला हाच आरोप फार मोठ्या व्यासपीठावर झाला. युक्रेनमधल्या प्रयोगशाळा अमेरिकेच्या पैशानं स्थलांतरित पक्ष्यांमार्फत रशियात रोग पसरवण्याची तयारी करतायत, असं रशियाच्या संरक्षण मंत्रालयानं जाहीर केलं. ११ मार्चला हा विषय संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत गेला. अशा कुठल्याही जैविक शस्त्र कार्यक्रमाची आपल्याला माहिती नाही, असं संयुक्त राष्ट्रांच्या निःशस्त्रीकरण विभागाच्या प्रमुखांनी तिथे सांगितलं. बऱ्याच जणांना ते सगळं हास्यास्पद वाटलं, त्यावर मीम्स झाले. मला मात्र हसू आलं नाही, कारण ही गोष्ट आपल्याकडे आधीच घडून गेली आहे. तिच्यात पुणं आहे, मुंबई आहे आणि सलीम अलीही आहेत.

गोष्ट १९५७ ची. तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर नावाच्या जंगलात माकडं मरून पडायला लागली. पाठोपाठ आजूबाजूच्या गावांतली माणसं तापानं आजारी पडली, काही दगावली. पुण्यात १९५२ पासून व्हायरस रिसर्च सेंटर होतं, आयसीएमआर आणि रॉकफेलर फाउंडेशननं मिळून काढलेलं. आजची राष्ट्रीय विषाणू संस्था, एनआयव्ही, ती हीच. पुण्याची टीम शिमोग्याला पोचली तेव्हा त्यांच्या मनात सगळ्यात मोठी भीती पीतज्वराची होती. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतला हा आजार माकडांना आणि माणसांना मारतो. भारतात तो कधीच नव्हता, पण तो पसरवणारे डास आपल्याकडे भरपूर.

निघालं वेगळंच. विषाणू नवा होता, डासातून नव्हे तर गोचिडीतून पसरणारा, आणि त्याचे जवळचे नातेवाईक सापडले ते थेट रशियात. तिथे वसंत-उन्हाळ्यात मेंदूज्वर आणणारा, गोचिडीवाटेच पसरणारा एक विषाणू १९३७ पासून माहीत होता. आता प्रश्न असा पडला की सैबेरियाच्या जंगलातल्या विषाणूचा भाऊबंद पश्चिम घाटात कसा आला? दरवर्षी सैबेरियातून इथे कोण येतं, तर पक्षी. अंदाज इतका सुबक होता की तो खराच असावा असं कुणालाही वाटलं असतं. पक्ष्याच्या अंगावर गोचीड, गोचिडीत विषाणू. प्रवासाचा मार्गही नकाशावर आयता काढलेला.

अंदाज तपासायचा तर पक्षी पकडायला हवेत, त्यांच्या अंगावरच्या गोचिडी काढायला हव्यात, रक्ताचे नमुने घ्यायला हवेत आणि कोणता पक्षी कुठून येतो हे कळायला हवं. १९५९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला, म्हणजे बीएनएचएसला पैसे दिले. सलीम अलींना पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचा मोठा उपक्रम कधीपासून करायचा होता. अडलं होतं ते पैशावाचून. त्यांना विषाणूत खरंच किती रस होता याबद्दल मला शंका आहे. रोगाच्या निमित्तानं पक्षी हातात येणार होते, ते त्यांनी घेतले. पुढची काही वर्षं देशात ठिकठिकाणी जाळी लागली, हजारो पक्ष्यांच्या पायात कडी गेली. त्या ॲल्युमिनियमच्या कड्यावर नंबर आणि मुंबईला कळवा अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं असत. मग सोव्हिएत संघातून पत्रं यायला लागली. आज अमुक नंबरचा पक्षी आमच्याकडे सापडला. कोणता पक्षी आपल्याकडून कुठे जातो याबद्दल आपल्याला जे काही कळलं, त्याचा मोठा भाग या कड्यांतून कळला.

आणि विषाणू? पक्ष्यांनी तो सैबेरियातून आणला असा पुरावा मिळाला नाही. तो इथल्याच जंगलातल्या हिमाफायसॅलिस नावाच्या गोचिडीत, उंदीर-घुशींसारख्या छोट्या प्राण्यांत आणि माकडांत फिरत होता. जंगल तोडून शेतं आत सरकली, गुरं जंगलाच्या कडेला चरायला लागली, गुरांच्या रक्तावर गोचिडी पोसल्या आणि माणूस त्यांच्या वाटेत आला. म्हणजे उत्तर पायाखाली होतं. महाराष्ट्रालाही ते नंतर कळलं. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात हाच आजार पसरला. तिथे त्याला माकडताप म्हणतात, आणि काजूच्या बागेत काम करणाऱ्या माणसाला तो सैबेरियाशी जोडावा असं वाटतही नाही.

पण पक्ष्यांवरचा संशय तेवढ्यावर मिटला नाही. अमेरिकन लष्करानं १९६० च्या दशकात आग्नेय आशियात पक्ष्यांच्या रोगांचं एक प्रचंड सर्वेक्षण चालवलं. बँकॉकहून एलियट मॅकक्लूर हे पक्षितज्ज्ञ ते सांभाळत. दहा लाखांहून अधिक पक्ष्यांना कडी घातली गेली. बीएनएचएसच्या कामालाही या सर्वेक्षणाचा पैसा मिळाला. १९७४ मध्ये वृत्तसंस्थेची बातमी आली आणि गदारोळ उठला. परदेशी लष्कर आपल्या पक्ष्यांत कशाला रस घेतंय? कोणता पक्षी कुठून कुठे जातो हे कळलं तर त्याच्यावर रोग लादून शत्रूच्या देशात धाडता येईल, ही शंका उघडपणे बोलली गेली. १९७५ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीनं परदेशी मदतीवर चाललेल्या संशोधनाचा अहवाल दिला, त्यात डासांवरच्या एका प्रकल्पाबरोबर या पक्षी-प्रकल्पाचीही झाडाझडती होती.

हे सगळं वेडेपणाचं होतं असं मी म्हणणार नाही. अमेरिकेचा जैविक शस्त्रांचा कार्यक्रम खरोखर होता, तो निक्सननं १९६९ मध्ये बंद केला. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेनं प्रशांत महासागरातल्या समुद्रपक्ष्यांच्या अभ्यासासाठी त्याच लष्करी यंत्रणेचा पैसा घेतला होता, हेही त्याच सुमारास उघड झालं होतं. संशय घेणाऱ्यांकडे कारण होतं. फक्त एक गोष्ट कुणी विचारली नाही. पक्षी असं सामान वाहून नेऊ शकतो का?

त्यासाठी त्याच्या पोटात शिरावं लागतं.

आतापर्यंत मी विषाणूंबद्दल बोललो. पोटात खरी वस्ती असते ती जिवाणूंची, आणि त्यांचा अभ्यास फार उशिरा सुरू झाला. थिओडोर एशेरिश या डॉक्टरनं १८८५ मध्ये तान्ह्या बाळांच्या शीतून एक जिवाणू वेगळा केला. आज आपण त्याला ई. कोलाय म्हणतो. तो काचेच्या बशीत सहज वाढतो, म्हणून शंभर वर्षं सगळ्यांनी त्याचाच अभ्यास केला. आतड्यातले बहुतेक रहिवासी मात्र ऑक्सिजन लागताच मरतात, बशीत वाढतच नाहीत. त्यांची गणती करता यायला लागली ती डीएनए वाचता यायला लागल्यावर. जिवाणूच्या एका विशिष्ट जनुकावरून त्याची ओळख पटवायची, आधार कार्डासारखी, ही वाट कार्ल वूज यांनी १९७७ च्या सुमारास दाखवली. त्यामुळे सलीम अलींच्या लोकांनी जाळ्यातून काढलेल्या पक्ष्यांच्या आतड्यात काय होतं, हे त्या काळात कळायला मार्गच नव्हता. गोचीड दिसते, म्हणून ती मोजली गेली.

आता मार्ग आहे, आणि त्यातून जे दिसतं ते फार गमतीचं आहे. लांब उडणाऱ्या पक्ष्याला पोट परवडतच नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये पाचेक महिन्यांचं एक गॉडविट पिल्लू अलास्कातून निघालं आणि ११ दिवस कुठेही न उतरता, न खाता-पिता १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियाला पोचलं. त्याच्या पाठीवर ट्रान्समीटर होता म्हणून हे कळलं. हे कसं जमतं, याचं अर्धं उत्तर थ्यूनिस पिर्स्मा आणि रॉबर्ट गिल यांनी १९९८ मध्येच दिलं होतं. अलास्कातून निघालेल्या गॉडविटांचं शरीर उघडून पाहिलं तर वजनाच्या निम्म्याहून जास्त चरबी, आणि जठर, आतडी, यकृत आक्रसून इवलेसे झालेले. निघण्याआधी पक्षी स्वतःचं पोट आटवतो. उतरल्यावर ते पुन्हा वाढवतो. आपण गावी जाताना बॅग हलकी करतो, हा भिडू थेट आतडंच हलकं करतो.

मग अशा आटलेल्या आतड्यात जिवाणूंचं काय होत असेल? ॲलिस रायझली आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात हा प्रश्न रेड-नेक्ड स्टिंट या मूठभर आकाराच्या चिखलपक्ष्याला विचारला. तो सैबेरियाच्या उत्तर टोकाला अंडी घालतो आणि ऑस्ट्रेलियात हिवाळा काढतो. सोयीची गोष्ट अशी की त्यांच्यातली पहिल्या वर्षाची पोरं परत उत्तरेला जात नाहीत, वर्षभर ऑस्ट्रेलियातच थांबतात. म्हणजे एकाच किनाऱ्यावर दोन प्रकारचे पक्षी मिळतात. एक नुकताच हजारो किलोमीटर उडून, वाटेत डझनभर दलदलींत चोच बुडवून आलेला. दुसरा कुठेही न गेलेला. प्रवाशाच्या पोटात वाटेतल्या प्रत्येक स्टेशनचा माल असायला हवा होता. २०१७ मध्ये छापलेला निष्कर्ष उलटा होता. दोघांच्या पोटातली वस्ती बरीचशी सारखीच. चिखलातले जिवाणू आतड्यात फारसे टिकत नव्हते. एक कोरीनेबॅक्टेरियम नावाचा गट तेवढा नव्यानं आलेल्यांत जास्त होता. दर दोन मिनिटांनी गाळ गिळणारा पक्षी, आणि तरी त्याचं आतडं गाळाला दाद देत नाही!

२०२० मध्ये से जिन साँग यांच्या गटानं सुमारे ९०० पृष्ठवंशी प्रजातींची आतडी एकत्र तपासली, तेव्हा पक्षी आणि वटवाघळं एका बाजूला पडली. इतर सस्तन प्राण्यांत आतड्यातले जिवाणू आणि वंशावळ यांचं जुनं, घट्ट नातं दिसतं. उडणाऱ्यांत ते सैल. बहुधा वजनामुळे. ज्याला उडायचं त्याला गाईसारखा जिवाणूंचा कारखाना पोटात बाळगून चालत नाही. (टिटवाळा स्टेशनबाहेरच्या गाईंकडे पाहताना मला आता हे आठवतंच.)

इथे थांबलो तर पक्षी निर्दोष सुटला असं होईल, आणि ते खोटं ठरेल. बर्ड फ्लूचा विषाणू पाणबदकांत राहतो तो मुख्यतः आतड्यातच. तो विष्ठेतून तळ्यात पडतो, पाण्यात काही काळ तग धरतो, दुसऱ्या बदकाच्या पोटात जातो. बदक सहसा आजारीही पडत नाही. हा जुना, सौम्य व्यवहार. पण ज्या जातीच्या विषाणूनं वेहळोलीच्या कोंबड्या मेल्या, त्या मारक एच५एन१ चं मूळ १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंगमधल्या पाळीव हंसांच्या फार्मवर सापडतं. २००५ मध्ये तो छिंगहाई सरोवरावर पोचला आणि हजारो रानपक्षी मेले, त्यांत सर्वाधिक पट्टकदंब हंस. हेच हंस हिमालय ओलांडून हिवाळ्यात आपल्याकडे येतात. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात भारतातला पहिला उद्रेक झाला. रानपक्ष्यांनी तो विषाणू पुढे नेला, हे खरं आहे. त्यांना तो आपल्या पिंजऱ्यांतून मिळाला, हेही तितकंच खरं आहे. फॉरवर्डमध्ये पहिलं वाक्य असतं, दुसरं नसतं.

नोव्हेंबर २०१९ चं सांभर सरोवर तुम्हाला आठवत असेल. राजस्थानच्या त्या खाऱ्या सरोवराकाठी १८ हजारांहून अधिक पक्षी मेले. पहिला संशय अर्थातच बर्ड फ्लूवर. नमुने भोपाळला गेले, तिथे तो नाही निघाला. बरेलीच्या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेनं निदान केलं ते बॉट्युलिझमचं. हा जिवाणूचा खेळ आहे आणि अंगावर काटा आणणारा आहे. क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू गाळात वर्षानुवर्षं पडून असतात. एखादा पक्षी मेला की त्याच्या कुजणाऱ्या, ऑक्सिजन नसलेल्या शरीरात ते फोफावतात आणि विष तयार करतात. त्या शरीरात अळ्या होतात. अळ्यांना विष बाधत नाही. दुसरा पक्षी अळ्या खातो, त्याचे पंख आणि पाय लुळे पडतात, मान टाकतो आणि वीतभर पाण्यात बुडून मरतो. मग त्याच्या शरीरात पुन्हा तेच. प्रेतं भराभर उचलणं हाच उपाय, आणि तिथे तो उशिरा सुरू झाला. सैबेरियाचा संबंध इतकाच की पाहुणे तिथून आले होते.

आता उलट बाजूनं पाहू. ते इथून काय घेऊन जातात?

२००८ मध्ये स्वीडिश संशोधकांनी आर्क्टिकमधल्या पक्ष्यांच्या ई. कोलायवरचा अभ्यास छापला. नमुने ईशान्य सैबेरिया, अलास्का आणि ग्रीनलंडमधले. जिथे माणसंच विरळ, तिथे औषधाचं दुकान कुठलं? तरी काही जिवाणूंना माणसांच्या अँटिबायोटिक्सची सवय झालेली होती. पक्षी ती हिवाळ्यात, आपल्यासारख्यांच्या वस्तीजवळून घेऊन आले असावेत, हे त्यांचं अनुमान.

याच सुमारास भारत स्वतः आरोपीच्या पिंजऱ्यात आला. भारतात उपचार घेऊन गेलेल्या एका स्वीडिश रुग्णात जवळपास कुठल्याच औषधाला न जुमानणारा जिवाणू सापडला आणि त्यातल्या विकराला नाव मिळालं न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, एनडीएम-१. आपल्या सरकारनं नावाला जोरदार हरकत घेतली. देशाच्या राजधानीचं नाव रोगाला का? मला ती हरकत पटते. मग आपण प्रत्येक तापाला सैबेरिया का म्हणतो, हेही विचारावंसं वाटतं. पण नाव काहीही द्या, २०११ मध्ये दिल्लीच्या रस्त्यांवर साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये, आणि नळाच्या ५० पैकी २ मध्ये ते जनुक सापडलं. आणि २०१९ मध्ये, उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांच्या मातीत. तिथवर ते कसं गेलं? संशोधकांच्या मते बहुधा तिथे येणाऱ्या माणसांच्या आणि प्राणी-पक्ष्यांच्या विष्ठेतून.

कल्याण-डोंबिवलीकरांना उल्हास नदीबद्दल काही सांगायला नको. वालधुनी तिच्यात काय आणून सोडते तेही नको. आमची काळू तिलाच मिळते. ठाणे खाडीत लहान फ्लेमिंगो जमतात ते तिथल्या हिरवट गाळावरच्या नील-हरित जिवाणूंसाठी, आणि त्या जिवाणूंना आपल्या सांडपाण्यातलं खत मानवतं. फ्लेमिंगोचा गुलाबी रंगसुद्धा त्याचा स्वतःचा नाही, खाल्लेल्या सूक्ष्मजीवांचा आहे. २०१५ मध्ये त्या खाडीचा भाग अभयारण्य झाला, ऑगस्ट २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. त्याच वर्षी बीएनएचएसनं तिथल्या सहा फ्लेमिंगोंना जीपीएस टॅग लावले. एकाचं नाव सलीम.

टॅग सांगतो पक्षी कुठे गेला. पोटात काय नेलं हे कळायला त्याहून स्वस्त सामान लागतं. थवा उडेपर्यंत थांबायचं, ताजी विष्ठा शोधायची, चिखलाला टेकलेला भाग सोडून वरचा तेवढा काडीनं टिपायचा, नळीत घालायचा, बर्फात ठेवायचा. आणि त्याच दिवशी खाडीच्या पाण्याची एक नळी, जवळच्या नाल्याची एक आणि कोंबडीच्या दुकानामागच्या गटाराची एक, अशाही भरायच्या. नाहीतर कोणाकडून कोणाकडे गेलं, ते ओळखता येत नाही.